किमचीची बरणी आणि तींतील सूक्ष्म सहवासी

‘जंतु’ हा शब्द कानांवर पडतांच सुशिक्षित घरांत रोग, औषध आणि उकळलेलें पाणी या तीन गोष्टी प्रथम आठवतात. आरोग्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीं पिढ्यान् पिढ्या आपणांस हेंच शिकविलें, आणि तें योग्यच होतें. पटकी आणि विषमज्वर यांनीं ज्या देशांत घरेंच्या घरें ओस पाडलीं, तेथें हा धडा कोणीहि अनावश्यक म्हणणार नाहीं. परंतु ज्या घरांत पाणी उकळून पितात, त्याच घरांत रात्रीं दुधाला विरजण लावणारी गृहिणी कोट्यवधि जंतूंची मोठ्या मायेनें जोपासना करीत असते, याचा मात्र सहसा विसर पडतो.

हल्लीं पारडें दुसऱ्या बाजूस झुकूं लागलें आहे. औषधांच्या दुकानांत ‘उपकारक जंतूं’च्या पुड्या, गोळ्या व बाटल्या मांडलेल्या दिसतात. कोरिया देशाच्या किमची नांवाच्या आंबविलेल्या भाजीचे गोडवे आपल्याकडेहि ऐकूं येतात. घरांत कोणी वडील माणूस पोटाच्या विकारानें त्रस्त असलें किंवा एखादें मूल वारंवार आजारी पडत असलें, म्हणजे ‘हें देऊन पाहावें काय?’ असा प्रश्न जेवतांना निघतो. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. अन्नांत उपकारक जंतु असणें ही एक गोष्ट आणि तें अन्न औषध ठरणें ही दुसरी. या दोहोंमध्यें केवढें अंतर आहे, हें किमचीच्या उदाहरणावरून फार चांगलें समजतें.

किमची कशी करतात

कोरियांत हिंवाळा कडक असतो. भुई गोठण्यापूर्वीं पुढील कांहीं महिन्यांची भाजी साठवून ठेवणें पूर्वीं प्रत्येक कुटुंबास भागच होतें. नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत व डिसेंबरच्या आरंभीं होणाऱ्या या सामुदायिक साठवणीस ‘किमजांग’ म्हणतात. नातलग व शेजारणी एकत्र जमून कोबीच्या गड्ड्यांच्या राशी निकालांत काढतात, सासू नव्या सुनेला आपल्या घराण्याचें प्रमाण शिकविते, आणि तयार झालेल्या मालांतील वांटा गरजवंतांच्या घरींहि पोंचतो. युनेस्कोनें २०१३ सालीं दक्षिण कोरियांतील किमजांगची व २०१५ सालीं उत्तर कोरियांतील किमची करण्याच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत नोंद केली. चैत्र-वैशाखांत पापड-कुरडयांसाठीं एकत्र जमणाऱ्या बायका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

कृति थोडक्यांत अशी. लांबट जातीचा कोबी उभा चिरून मिठाच्या पाण्यांत कांहीं तास मुरवावयाचा. मग तो धुऊन, निथळून त्याच्या पानापानांत मुळ्याचे बारीक तुकडे, कांद्याची पात, आलें, लसूण, तांबड्या मिरचीची पूड आणि बहुधा खारविलेली बारीक कोळंबी किंवा माशांचा रस यांचें मिश्रण भरावयाचें. शेवटीं तो ‘ओंग्गी’ नांवाच्या मातीच्या रांजणांत हवा राहणार नाहीं अशा रीतीनें दाबून भरावयाचा. हा रांजण पूर्वीं अंगणांत गळ्यापर्यंत पुरून ठेवीत, म्हणजे आंतील थंडी सारखी राही. शहरांतील उंच इमारतींत अंगणें राहिलीं नाहींत, म्हणून त्या देशांत किमचीसाठीं निराळें शीतकपाट निघालें, आणि १९९५ नंतर तें घरोघर दिसूं लागलें.

जिला आपण किमचीची खूण समजतों, ती मिरची मूळची कोरियाची नव्हे. अमेरिका खंडांतून निघालेली ही वनस्पति सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास त्या बाजूस पोंचली. तत्पूर्वींची किमची तिखट नव्हती. मिरची नसलेली पांढरी किमची आजहि करतात. तसेंच बौद्ध विहारांतील किमचींत मासळी नसते आणि लसूण-कांदाहि नसतो. तेथील भिक्षु ज्या पांच उग्र पदार्थांना वर्ज्य मानतात त्यांत, ज्याच्या फोडणीवांचून आपलें वरण सिद्ध होत नाहीं, तो हिंगहि गणला जातो! चातुर्मासांत कांदा-लसूण न शिवणाऱ्या आपल्या घरांना या निमित्तानें दूरचे गोत्रबंधु भेटले म्हणावयाचे.

बरणींतील पिढ्या

किमचीला लोणचें म्हणण्याची चाल पडली आहे. पण आपलें कैरीचें लोणचें आणि किमची यांच्यांत एक मूलभूत भेद आहे. कैरींत आंबटपणा उपजतच असतो, आणि तिचें लोणचें मुख्यतः मीठ, मोहरी व तेल यांच्या बळावर टिकतें. कोबी आंबट नाहीं; किमचींत व्हिनेगरहि घालीत नाहींत. तिचें आम्ल बरणींतच जन्मास येतें, आणि तें निर्माण करणारे कारागीर म्हणजे दुग्धाम्लजंतु. दूध आंबतांना जें आम्ल तयार होतें तेंच हें लॅक्टिक ॲसिड. तें निर्जीव रासायनिक क्रियेनें नव्हे, तर सजीव सूक्ष्मजंतूंमुळें होतें, ही गोष्ट लुई पाश्चर यानें १८५७ सालीं मांडली.

किमचीला विरजण लावावें लागत नाहीं. कोबीचीं पानें, आलें, लसूण यांच्या अंगावर हे जंतु आधींपासूनच असतात. मिठामुळें भाजींतील पाणी व साखर बाहेर पडते, सडविणाऱ्या जंतूंस जगणें जड जातें, आणि मीठ सोसणाऱ्यांना रान मोकळें मिळतें. प्रथम पुढें सरसावतो तो ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉयडीस. तो साखरेपासून दुग्धाम्ल तर करतोच, शिवाय कर्बवायु आणि मॅनिटॉल नांवाची एक सौम्य गोड वस्तुहि निर्माण करतो. ताज्या मुरलेल्या किमचीला जो चुरचुरीत, किंचित् फसफसणारा स्वाद असतो तो याच वायूमुळें; आणि तोच वायु बरणींतील उरलीसुरली हवा हुसकून लावतो.

परंतु आम्ल वाढलें म्हणजे ज्यानें तें वाढविलें त्यालाच तें बाधूं लागतें. मग अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस साकाय, वाइसेला कोरिएन्सिस इत्यादि जंतु पुढें येतात, आणि शेवटीं, फार मुरलेल्या बरणींत, पुष्कळदां लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचें राज्य सुरू होतें. या नामावळींत २०२० सालीं मोठा बदल झाला. लॅक्टोबॅसिलस या एका कुळाचीं पंचवीस कुळें करण्यांत आलीं, आणि प्लँटारमचें नवें नांव लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम असें झालें. परंतु ओळखीसाठीं येथें जुनींच नांवें ठेविलीं आहेत. खोलीच्या उष्णतेंत किमची दोन-तीन दिवसांत आंबते. ४-५ अंश सेंटिग्रेडवर तिला तीन-चार आठवडे लागतात. चांगल्या मुरलेल्या किमचीच्या एका ग्रॅमांत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत दुग्धाम्लजंतु असतात.

हे जंतु आपल्याला अगदींच अपरिचित आहेत असें नाहीं. इडलीचें पीठ रात्रभर फुगतें त्या कामांत ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉयडीसचाच मोठा हात असतो, असें १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. हाच जंतु साखर कारखान्यांत मात्र शत्रु ठरतो. तोडलेला ऊंस गाळपावांचून पडून राहिला, कीं हा त्यांतील साखर खाऊन डेक्स्ट्रान नांवाचा बुळबुळीत पदार्थ निर्माण करतो. रस गाळणें कठीण होतें आणि साखरेचा उतारा घटतो. कोरियाच्या रांजणांत मित्र, आपल्या पिठाच्या भांड्यांत मित्र, आणि कारखान्यांत चोर! जंतूंना सरसकट चांगले किंवा वाईट म्हणणें किती भ्रामक आहे, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. जंतु कोणता, कोठें आणि किती, हें विचारल्यावांचून निवाडा होत नाहीं.

अन्नाचें औषध केव्हां होतें

आंबविलेल्या अन्नांतील जंतु आयुष्य वाढवितात, ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर लोकांपुढें मांडली ती पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यानें. बल्गेरियांतील दीर्घायुषी शेतकरी आंबट दूध पितात, यावरून आंतड्यांतील सडण्याच्या क्रियेला हे दुग्धाम्लजंतु आळा घालीत असावेत, असा त्याचा तर्क होता. १९०८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें शरीरांतील भक्षक पेशींवरील कार्याबद्दल; आंबट दुधाबद्दल नव्हे. तो १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारला. पुढें असें आढळलें कीं, बल्गेरियाच्या दह्यांतील तो जंतु माणसाच्या आंतड्यांत मुक्काम करीत नाहीं. तर्क मोहक होता. पुरावा मात्र मागाहून गोळा करावा लागला, आणि तें काम अद्याप चालूच आहे.

पुरावा कशास म्हणावें, याविषयीं २००१ सालीं अर्जेंटिनांतील कोर्दोबा येथें संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनीं विचार केला. त्यांनीं ठरविलेल्या ‘प्रोबायोटिक’ या शब्दाच्या व्याख्येंत तीन अटी आहेत : जंतु जिवंत असले पाहिजेत, ते पुरेशा प्रमाणांत दिले गेले पाहिजेत, आणि त्यांपासून घेणाऱ्याच्या प्रकृतीस कांहीं हित झालें पाहिजे. पहिलीच अट घेतली तरी पुष्कळ गोष्टी गळून पडतात. किमचीचें कढत कालवण कोरियांत रोजचें आहे, पण उकळीबरोबर त्यांतील जंतु मरतात. २००८ सालीं यी सो-यॉन ही कोरियाची पहिली अंतराळयात्री आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेली, तेव्हां तिच्याबरोबर किमची होती. परंतु ती मुद्दाम किरणोत्सर्गानें निर्जंतुक केलेली होती. चवीला ती किमचीच होती. प्रोबायोटिक मात्र ती नव्हती.

कोरियांतील संशोधक जेव्हां एखाद्या जंतूच्या ‘संभाव्यते’विषयीं लिहितात, तेव्हां तो शब्द त्यांनीं जपून योजिलेला असतो. किमची, खारविलेली मासळी, आंबविलेलें धान्य यांतून शेंकडों जंतु वेगळे काढून त्यांची परीक्षा घेतली जाते. ती साधारणपणें अशी असते. प्रथम जंतूची ओळख निश्चित करतात; ती केवळ जातीपर्यंत नव्हे तर वाणापर्यंत. तांदूळ म्हटला म्हणून आंबेमोहोर व कोलम एक होत नाहींत, त्याप्रमाणें एकाच जातीचे दोन जंतु गुणांनीं सारखे असतीलच असें नाहीं. मग जठरांतील आम्लासारख्या द्रवांत आणि पित्ताच्या द्रावणांत ठेवून तो किती काळ तग धरतो तें पाहतात. पुढें प्रयोगशाळेंत वाढविलेल्या आंतड्याच्या पेशींना तो चिकटतो काय, आणि रोगकारक जंतूंची वाढ रोखतो काय, याची तपासणी होते. यानंतर निरुपद्रवीपणाची कसोटी येते : तो रक्तपेशी फोडीत नाहीं ना, अपायकारक अमाइन द्रव्यें निर्माण करीत नाहीं ना, आणि प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याचा गुण इतर जंतूंस वांटीत नाहीं ना?

या साऱ्या वेशी ओलांडल्या तरी जंतु अद्याप कांचेच्या भांड्यांतच आहे. पुढें उंदरावर प्रयोग होतात, आणि त्यांतून उत्तीर्ण झाल्यावर खरी परीक्षा उरते ती माणसावरील. वर्तमानपत्रांतील मथळे बहुधा उंदरापाशींच थांबतात, आणि वाचणारा मात्र स्वतःला रोगमुक्त समजूं लागतो!

मनुष्यावरील प्रयोग काय सांगतात

माणसावर झालेले प्रयोग पाहिले म्हणजे आशा व सावधगिरी या दोहोंसहि आधार मिळतो. २०११ सालीं कोरियांत २२ स्थूल व्यक्तींना कांहीं आठवडे ताजी व कांहीं आठवडे मुरलेली किमची देऊन तुलना करण्यांत आली. मुरलेल्या किमचीच्या काळांत उपाशीपोटीं रक्तांतील साखर वगैरे कांहीं मोजमापांत अधिक सुधारणा दिसली. पण २२ माणसांवरून राष्ट्राच्या पथ्यापथ्याचा निर्णय होत नाहीं. किमचींतून मिळालेल्या प्लँटारमच्या सीजेएलपी-१३३ या वाणाचा प्रयोग इसबानें पीडित मुलांवर झाला, तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. बारा आठवडे हा जंतु घेणाऱ्या मुलांची खाज व व्रण, निर्जीव पूड घेणाऱ्या मुलांच्या मानानें, अधिक कमी झालीं. येथें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, मुलांना किमची दिलेली नव्हती. किमचींतून निवडलेला एक वाण मोजून दिला होता.

याच प्लँटारम जातीच्या एका निराळ्या वाणानें आपल्या देशांत मोठें यश दाखविलें आहे. ओडिशांतील खेड्यांमध्यें ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. पुरेशा वजनाच्या व अंगावर पिणाऱ्या अर्भकांपैकीं निम्म्यांना तो जंतु आणि त्याचें खाद्य असलेली एक शर्करा सात दिवस देण्यांत आली. दोन महिन्यांच्या आंत रक्तदोषाचा ज्वर किंवा मृत्यु यांचें प्रमाण निर्जीव पूड घेणाऱ्या गटांत शेंकडा ९ होतें, तें जंतु घेणाऱ्या गटांत ५.४ वर आलें. ज्या घरांत तान्हें मूल गमावल्याचें दुःख झालें आहे, त्यांना या आंकड्यांतील अर्थ सांगावयास नको.

पण नाण्याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. २००८ सालीं नेदरलंड्समधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहानें अत्यवस्थ असलेल्या रोग्यांना उपकारक समजल्या जाणाऱ्या जंतूंचें मिश्रण नळीवाटे देण्यांत आलें होतें; संसर्ग कमी व्हावा हा हेतु होता. घडलें उलट. जंतु दिलेल्या १५२ रोग्यांपैकीं २४ दगावले. न दिलेल्या १४४ पैकीं ९. हे जंतु किमचींतील नव्हते, पण धडा सर्वांसाठींच आहे. जें निरोगी माणसाच्या पोटांत निरुपद्रवी असतें तें अत्यवस्थ रोग्याच्या देहांत तसें राहीलच असें नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना इस्पितळांत अशीं जंतुद्रव्यें देण्याविषयीं धोक्याची सूचना दिली, तीहि याच कारणास्तव.

घरांत काय करावें

यावरून वाचकांनीं किमचीकडे पाठ फिरवावी असें मुळींच नाहीं. भाजी म्हणून ती उत्तम आहे. तींत पालेभाजीचा चोथा आहे, जीवनसत्त्वें आहेत, आणि कच्ची खाल्ली तर जिवंत जंतुहि आहेत. शाकाहारी घरांनीं बरणीवरील घटकांची यादी वाचावी, कारण बाजारांतील बहुतेक किमचींत मासळीचा अंश असतो. परंतु तिच्या मिठाचा हिशेब कोणीं विसरूं नये. किमचीसंबंधीं २००१ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत मीठ शेंकडा १ ते ४ असावें असें आहे. दोन टक्के धरलें तरी शंभर ग्रॅम किमचींतून दोन ग्रॅम मीठ पोटांत जातें. आणि प्रौढ माणसानें दिवसाकांठीं पांच ग्रॅमांहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असलेल्या आजोबांना ‘जंतूंसाठीं’ म्हणून रोज वाटीभर किमची वाढणें ही सेवा नव्हे. जेवणांत पापड-लोणचें असेल तर त्यांतील कांहीं कमी करून मगच तिला पानांत जागा द्यावी.

पुड्या व गोळ्या विकत घेतांना चार प्रश्न विचारावेत. डबीवर जंतूच्या नुसत्या जातीचें नांव आहे, कीं वाणाचाहि निर्देश आहे? त्याच वाणाचा माणसावर, आणि आपल्याला असलेल्या त्याच विकारावर, प्रयोग झालेला आहे काय? मुदत संपेपर्यंत किती जंतु जिवंत राहतील, हें सांगितलें आहे काय? आणि ती कोणत्या उष्णमानांत ठेवावयाची आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०११ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांतहि वाणाची ओळख, निरुपद्रवीपणा आणि माणसावरील पुरावा यांवरच भर आहे. दुकानदाराजवळ या प्रश्नांचीं उत्तरें नसलीं, तर पैसे खिशांतच राहूं द्यावेत. घरांत अपुऱ्या दिवसांचें बाळ असेल, कोणी कर्करोगाचे उपचार घेत असेल, किंवा एखादें वडील माणूस इस्पितळांतून नुकतेंच परत आलें असेल, तर वैद्याला विचारल्यावांचून असें कांहींहि देऊं नये. शेजारणीला गुण आला, हें येथें प्रमाण नव्हे.

कोरियाच्या गृहिणींनीं शतकानुशतकें रांजण भरले ते औषध म्हणून नव्हे. हिंवाळ्यांत मुलाबाळांच्या पानांत भाजी असावी म्हणून. त्या रांजणांत कोण राहतें हें त्यांना ठाऊक नव्हतें, तरी त्या सहवाशांना काय मानवतें हें त्यांच्या हातांना नेमकें ठाऊक होतें. आज शास्त्रज्ञ त्याच रांजणांतून एकेक जंतु वेंचून, पारखून पाहत आहेत. त्यांतील कांहीं उद्यां खरोखर औषधाच्या पंक्तीस बसतील. पुष्कळ बसणार नाहींत. तोंपर्यंत अन्नाला अन्नाचा मान द्यावा, औषधापाशीं औषधाचा पुरावा मागावा, आणि एकाचा मान दुसऱ्याला देण्याची घाई करूं नये, हेंच कुटुंबाच्या हिताचें आहे.